लॉगबुक

साहेब पहिल्यांदा निवडून आले तेव्हा
जीपचा काटा अकरा हजार दोनशे सहावर होता.
मी तो वहीत लिहिला, कारण कारकून म्हणाला, लिही.
दुसऱ्या टर्मला गाडी बदलली. काटा शून्यावर आला.
साहेबांचा नाही आला.

सुपडू त्यांचं नाव.
आधीची तीन लेकरं गेली, म्हणून आईनं यांना
सुपात घालून कोंड्यासारखं बाजूला सारलं,
मरणाला वाटावं, यात काही दाणा नाही.
सभागृहात समोरच्या बाकावर विवऱ्याचे उखर्डू आप्पा,
तेही तसलेच, उकिरड्यावर लोळवून वाचवलेले.
दोन टाकून दिलेली पोरं,
शेजारशेजारचे तालुके,
आणि नऊ वर्षं एकमेकांना रामराम नाही.

मग सरकारनं काही आमदार नॉर्वेला धाडले,
मासळीची शीतगृहं बघायला.
साहेबांना केळी टिकवायची होती, म्हणून हेही गेले.
परतले तेव्हा मे महिना, भुसावळ स्टेशन,
सेहेचाळीस अंश, आणि हातावर अजून कोट.
तापीच्या पुलावर एकदम म्हणाले,
"मेहरबान, तठी पक्षानं नाही बसत. जिल्ह्यानं बसता.
विरोधातला शेजारी, त्याच्या पलीकडं आपला,
अन् तिघांचा एकच समुद्र."
फैजपूर येईपर्यंत पुढं काही बोलले नाहीत.

तिकडच्या एका खासदारानं त्यांना हातमोजे दिले होते.
करडी लोकर, पाठीवर पांढरं नक्षीचं फूल.
हाल्वोर त्याचं नाव. बाप मासे मारायचा,
हा चारदा निवडून आलेला,
अधिवेशनाला जाताना घरून डबा नेणारा.
यावलात मोजे कोण घालणार?
साहेबांनी ते मला देऊन टाकले.
पालच्या घाटात रेडिएटर उकळला
की मी ते चढवून झाकण फिरवायचो.
वाफ फुत्कारायची. हात कधी पोळला नाही.

जळगावला नियोजनाची बैठक होती.
मी खिडकीबाहेर, कडुनिंबाखाली.
साहेब आपल्या रांगेतून उठले, मधली वाट ओलांडली,
आणि उखर्डू आप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.
एवढंच.
बोलले एका पाटचारीबद्दल,
दोन तालुक्यांच्या शिवेवर अडलेली.
चहा आला. आप्पांनी अर्धा बशीत ओतला
आणि बशी न बघता इकडं सारली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.
तिसऱ्या दिवशी मुंबईहून फोन.
माझ्या वहीत त्या तारखेला लिहिलंय:
यावल ते जळगाव, येणे-जाणे, सत्त्याण्णव किलोमीटर.
त्या रांगेतून या रांगेत किती,
ते लिहायला रकाना नव्हता.

नव्वदला तिकीट दुसऱ्याला गेलं.
आप्पांनाही नाही मिळालं, पण त्यांचं कारण वेगळं सांगतात.
पाटचारी झाली. म्हणजे अर्धी झाली.
उरलेल्या अर्ध्यात एरंड उगवतो.

हाल्वोरची पत्रं नाताळाच्या शुभेच्छा घेऊन
संक्रांत उलटल्यावर पोचायची.
कॉलेजातले जावळे सर वाचून सांगायचे.
पाचव्या वेळी तो पडला होता,
जिल्ह्यातली शेवटची जागा, एकशे ऐंशी मतं कमी.
लिहिलं होतं: होडीला रंग देतो आहे, निळा.
साहेब डोळे पुसेपर्यंत हसले.
"एकशे ऐंशी! आपल्या एका गल्लीत तेवढी भांडणं असता."
मग म्हणाले, "निळा कसा, ते इचारा त्याले, सर.
आकाशी, का शाईसारखा?"

उत्तर आलं की नाही, मला माहीत नाही.
तोवर माझी बदली पाटबंधाऱ्यात झाली होती.

एका मोज्याला कसर लागली, टाकून दिला.
दुसरा आहे. चुलीवरचं पातेलं उतरवताना
बायको घालते, डाव्या हातात.
तिला वाटतं, ते फूल कपाशीचं आहे.